बाहेर एक माणूस

कंपनीनं मला माद्रिदला पाठवलं तेव्हाच ठरवलं होतं, माय आणि आबांना एकदा इकडं आणायचं आणि कॉर्डोबा दाखवायचं. तिथं जुन्या मशिदीची एक अफाट इमारत आहे, पुढं तिच्याच पोटात चर्च बांधलेलं. शेकडो खांब आणि त्यांच्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी. ती दोघांनी सोबत, एका छताखाली उभं राहून बघावी, एवढीच माझी इच्छा. ऐकायला साधी वाटते, पण आमच्या घरात ती फार अवघड होती.

आमचं गाव निलंग्याकडचं. भूकंपात आमच्या घराचं माळवद, म्हणजे लाकडांवर जाड माती रचलेलं छत, झोपेतच माय आणि माझ्यावर कोसळलं. आबा शेतात आखाड्यावर, गुरांच्या गोठ्यापाशी झोपले होते. ते पळत आले आणि ढिगाऱ्यावर उभं राहून म्हणाले, "इथं खणा. दोघं इथंच झोपतात." म्हणून आम्ही जिवंत निघालो. शेजारच्या घरात सगळेच आत होते. कुठं खणायचं हे सांगायला कुणी उरलंच नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरचा नियम झाला. छताखाली सगळ्यांनी एकदम जायचं नाही, एकानं बाहेर राहायचं.

पुढं मला लातूरला क्लास लावला, तेव्हा माय सोबत राहायला आली. "पत्र्याची खोली आहे, तापते जरा," असं घरमालक ओशाळून म्हणाले. माय एवढी खूश झाली की ही थट्टा करतेय असं त्यांना वाटलं. क्लासमुळं आमच्या नियमाला नावही मिळालं, बॅच. लग्नाच्या हॉलात जेवायला, देवळात दर्शनाला आबा पहिल्या बॅचला, माय दुसऱ्या. नांदेडला मला पदवी मिळाली, आमच्या घराण्यातली पहिली, तेव्हा माय सभागृहात होती आणि आबा गेटबाहेर शेंगा खात उभे होते. "टाळ्या ऐकल्या की," ते म्हणाले. "तुझ्या कोणत्या ते कळंना, म्हणून सगळ्याच तुझ्या धरल्या."

तर कॉर्डोबा. थंडीचे दिवस होते, ऊन गोड होतं. नदीवरचा जुना दगडी पूल दोघांनी मजेत, सोबत ओलांडला. पुलाला छत नसतं. आबांनी नदी बारमाही आहे का ते विचारलं आणि मी 'हो' म्हटल्यावर लातूरच्या वतीनं एक सुस्कारा टाकला. गल्ल्यांत मात्र माय अगदी मधोमध, मान वर करून चालली. दोन्ही भिंतींवर फुलांच्या कुंड्या टांगलेल्या.

"डोक्यावर एवढ्या कुंड्या टांगून झोपतात कशी ही माणसं?"

"माय, फुलं बघ."

"फुलंच बघू लागले. खाली कधी येतेत ते."

इमारतीपुढं संत्र्यांच्या झाडांचं मोठं अंगण आहे. मी तिकिटं काढली आणि दारावरच्या माणसाचं बोलणं ऐकून माझा चेहरा पडला. एका तिकिटावर एकदाच आत जाता येत होतं. म्हणजे मी एकाच बॅचला जाणार, दुसऱ्या बॅचला कुणीतरी एकटंच.

"मग सगळेच जाऊ," मी हळूच म्हणालो.

दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू लातूरची सगळी फी पाण्यात गेली.

"मी एकटाच जातो," आबा म्हणाले. "खांब बघायला इंग्रजी कशाला लागतंय? हा गेलो, हा आलो."

ते गेले, पण लवकर काही आले नाहीत. आधी माय झाडाखाली पडलेली संत्री बघून हळहळत होती, मग नुसतं दाराकडं बघत बसली.

"आत काय करू लागलेत एवढा वेळ?"

मला आत जाऊन बघायचं होतं, पण परक्या देशात मायला एकटीला सोडणार कसं? तेवढ्यात दारावरचा माणूस हातानं खुणावू लागला. आत सोडायची वेळ संपत आली होती. आता दुसरी बॅच होणार नव्हती. मायला ही इमारत दिसणारच नव्हती.

माय उठली. मला वाटलं, ती दाराकडं जातेय. ती गेली शेजारच्या बाकाकडं. तिथं पांढऱ्या केसांच्या एक आजी ऊन खात बसल्या होत्या.

"बाई," माय शुद्ध निलंगी मराठीत म्हणाली, "आमचा माणूस आत हाय. आम्ही दोघं चाललो. एकूण तीन. काही झालं तर सांगा, तीन जण हायेत म्हणून." आणि मला म्हणाली, "सांग तिला. तू शिकलास ना?"

मी बारावीच्या तोंडी परीक्षेतल्यासारखा घामाघूम होऊन, पाठ केलेल्या स्पॅनिशमध्ये ते सांगितलं. भूकंपाचंही सांगितलं. आजी हसतील असं वाटलं होतं. त्यांनी मायचा हात धरला, दाराकडं बघितलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "क्लारो." म्हणजे अर्थातच.

आत शिरलो. चहूकडं खांबच खांब. माय थबकली, एका खांबावर तळहात टेकवला, मग पुढच्या. आबा कुठल्याशा ओळीच्या टोकाला, एकदम हरवलेले सापडले. "ज्वारीच्या तासागत एक ओळ धरून निघालो," ते म्हणाले, "तर तास संपला की भलतंच दार!" मग त्यांचं लक्ष मायकडं गेलं आणि ते दचकले.

"तू आत? मग बाहेर कोण हाय?"

"माणूस ठेवलंय."

"कुठलं माणूस?"

"इथलंच. बाईमाणूस हाय, शहाणी हाय."

"तिला आपलं नावगाव ठाऊक हाय का?"

"तीन जण हायेत एवढं ठाऊक हाय. खणायला आणिक काय लागतंय?"

मग दोघं शेजारी शेजारी उभे राहून वर बघू लागले. मी फोटो काढायला फोन वर केला, पण डोळे भरल्यानं दोघं पुसट दिसत होते, म्हणून तसाच थांबलो. फार वेळ मिळाला नाही. "चला आता, ती बाई खोळंबली असंल," म्हणत मायनं आम्हाला अर्ध्यातूनच बाहेर काढलं.

आजी बाकावर नव्हत्या. ऊन सोडून त्या दारासमोर येऊन उभ्या होत्या, पर्स छातीशी धरून. आम्ही एकेक बाहेर पडू तसं त्यांनी बोट दाखवून मोजलं, "उनो... दोस... त्रेस." मग मोठा श्वास सोडला.

"पोरा," आबा म्हणाले, "हिला विचार, उद्या मोकळी हाय का. अजून दोन इमारती राहिल्यात."