देवाला सांगितलं, डॉक्टरला नाही

माझे वडील शाळामास्तर. शाळेत शरीरशास्त्र शिकवायचे आणि घरी शौचातून रक्त पडतं हे वर्षभर लपवून सोलकढी पीत बसायचे. उष्णता म्हणे! शेवटी गोव्याच्या मोठ्या इस्पितळात पोट उघडलं, तेव्हा मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी कणकवलीला कॉलेजात होतो आणि विज्ञानप्रसाराची पत्रकं लिहून बाजारात वाटत होतो. 'कर्करोग हा शाप नव्हे' हे पत्रक माझंच.

डॉक्टरांनी वडिलांना विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालं होतं?"

"छे, छे. सगळे वृद्धापकाळाने गेले." खाटेवरून, अगदी शुद्ध मराठीत.

आजोबा ऐन पंचेचाळिशीत पोट फुगून गेले होते. आत्या त्याहूनही तरुण. मी तोंड उघडणार तोच आईनं दंड धरून व्हरांड्यात ओढलं.

"तोंड आवर रे झिला. दादाचा लगीन ठरला हा. रोगट घर म्हणान नाव पडला तर?"

मी ऐकणारा नव्हतो. आई पाणी आणायला गेली आणि मी डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं. ते म्हणाले, पेशीला बाहेरून निरोप येतो, 'वाढ!' तो हातोहात आत पोचतो, तिथं जनुक जागं होतं, पेशीची दुसरी पेशी होते. काम झालं की जनुक गप्प. तुमच्याकडे काही पेशींत ते गप्प बसतच नसावं. असा बिघाड बापाकडून मुलाकडे येऊ शकतो. "आधी आतड्यात लहान कोंब येतात. वेळेत काढले तर माणूस वाचतो. भावाला घेऊन ये."

दादा त्या दिवसांत सारखा परसाकडे जायचा. आईला दिसायचं, मला दिसायचं, आणि सगळे आमटीत मीठ कमी-जास्त असल्याचं बोलायचे.

"दादा, तपासूक चल."

"लगीन होवंदे आदी."

"आणि मगे? वयनीक विधवा करूक?"

ताट सरकवून तो उठला. "तू तुजी पत्रकां वाट. घरात भाषण नको."

मग जत्रेचा दिवस आला. मी देवळात जात नसे. बाहेर पायरीवर पत्रकं घेऊन उभा होतो. आत सगळा गाव जमलेला, कणकवलीहून दादाचे होणारे सासरेही आलेले. दरवर्षीप्रमाणे काकांनी घराण्याचं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गावाचा होकार.

"ह्या घराण्याक जी पोटाची पिडा लागली हा, ज्या पिडेन माज्या बापाशीक न्हेल्यान, भयणीक न्हेल्यान, आता भावाक धरल्यान हा…"

"होय म्हाराजा!"

माझं डोकंच फिरलं. डॉक्टरपासून जे लपवलं, ते काका भर सभामंडपात खणखणीत आवाजात सांगत होते! आणि ते होणारे सासरे? हात जोडून सगळ्यांबरोबर होकार देत होते. गाऱ्हाणं संपलं आणि होकारही थांबला. आमच्या घरातल्या बिघडलेल्या पेशीला एवढंही जमत नाही, हे तिथं उभ्या उभ्या मला कळलं.

मी चपला काढल्या, आत घुसलो. "देवाक सांगल्यात, ता डॉक्टराक कित्याक नाय सांगूक?"

काका ओरडले. आईनं पदर तोंडाला लावला. सासरे मात्र शांतपणे म्हणाले, "ह्या घरचा काय ता साऱ्या मुलखाक म्हायत आसा. आमका म्हायत नाय असा वाटला तुमका?" मग दादाकडे वळून, "जावयबापू, डॉक्टराक दाखवन येवा. मगे मुहूर्त धरूया."

दुसऱ्या दिवशी दादाला घेऊन गोव्याची एस.टी. पकडली. इस्पितळाच्या बाकावर मला बसवेना. फेऱ्या मारल्या, भिंतीवरचे फलक पुन्हा पुन्हा वाचले, समोर येईल त्याच्या हातात पत्रक कोंबलं. तपासणीच्या खोलीचं दार उघडलं. दादा पांढराफटक, पण चालत आला.

"कोंब गावले. काढल्यानी." माझ्या हातातला पत्रकांचा गठ्ठा त्यानं ओढून घेतला. "हाड हय. मी धरतंय."

"कित्याक?"

"डॉक्टर तुका आत बोलयता. तुजीय तपासणी."

"माका काय धाड भरली हा?"

दादा पहिल्यांदाच हसला. "बापाशीसारखोच बोलतंस."

मी आत गेलो.