मॅक, पीसी आणि आमची सावड

पळसदरी सोडली तेव्हा काखेत ड्रॉइंग बोर्ड होता आणि बाबा बांधापर्यंत कुरकुरत आले होते. मोहोपाड्याच्या कारखान्यातली कायमची नोकरी टाकून मी दादरला जाहिराती रंगवायला चाललो होतो. "कुनाच्या भरवशावर चाललास रं?" त्यांनी विचारलं. माझ्याच, म्हणालो. घराण्यातला पहिला पदवीधर. दुसरं काय म्हणणार?

दहा वर्षं बरी गेली. मग ही कॉम्प्युटरची साडेसाती आली. छापखान्यांतले अक्षरांचे शिशाचे खिळे भंगारात निघाले आणि जे ते गिऱ्हाईक विचारू लागलं, तुमच्याकडे डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायची सोय, आहे ना? घ्यायचं तर मॅक की पीसी? मॅकवर पडद्यावर दिसतं तसंच कागदावर उतरतं. पीसी म्हणजे काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि पाठ करायच्या आज्ञा. मी चित्रकार, कारकुनाचं मशीन कशाला घेऊ?

गणपतीत घरी गेलो तेव्हा हे सगळं बाबांना ऐटीत समजावलं. ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "तुज्या सावडीत कुनाकडं हाय त्ये?"

तुम्हा गाववाल्यांना सावड सांगायला नको, पण बाहेर वाढलेल्या तुमच्या पोरांसाठी सांगतो. भाताची लावणी एकट्याची नसते. आज सगळे आमच्या खाचरात, उद्या आम्ही त्यांच्या. बैल घेतानाही बाबा आधी बघायचे, सावडीतल्या कुणाच्या बैलाशेजारी तो जुंपता येईल का. मला हसू आलं. म्हटलं, बाबा, हा बैल नाही.

"बरं," ते म्हणाले. "तू शिकलेला."

मॅक आला. दादरच्या आमच्या गल्लीत टाइपसेटिंगवाल्या नाईकबाई, छपाईची फिल्म काढणारा, प्रेसवाला, सगळ्यांचे पीसी. माझी फ्लॉपी त्यांच्याकडे उघडेना, त्यांची माझ्याकडे. मग नाईकबाईंकडून मराठी मजकूर कागदावर आणायचा आणि ब्लेडने कापून डिंकाने चिकटवायचा. दहा वर्षांपूर्वी हेच करत होतो, तेव्हा निदान टेबलावर जागा तरी होती!

दिवाळी अंकाच्या वेळी कडेलोट झाला. ऐनवेळी निम्म्या अंकात दुरुस्त्या आल्या. नाईकबाई स्वतः येऊन म्हणाल्या, "द्या की वीस पानं इकडे, आम्ही वाटून घेतो." देणार कशी? अंक उशिरा निघाला आणि माझं सर्वांत जुनं गिऱ्हाईक गेलं. पुढच्याच महिन्यात मॅक एका जाहिरात कंपनीला देऊन मी मुकाट्याने पीसी आणला. त्या आज्ञा अजून पाठ होत नाहीत. रोज चरफडतो.

परवा नाईकबाई तापाने पडल्या. त्यांचं काम अडलेलं दिसलं, तेव्हा फ्लॉपी उचलून आणली आणि सहा पानं लावून दिली. दुसऱ्या दिवशी बाई आल्या. वाटलं, आभार मानतील. त्यांनी दुसरी फ्लॉपी टेबलावर टाकली. "अजून आठ राहिलीत," म्हणाल्या आणि गेल्या.

राग यायला हवा होता. पण पळसदरीत तरी कुणी कुणाचे आभार मानलेले मी कधी ऐकले होते?