एकाच रंगाच्या साड्या

बस्त्याला गेलेल्या नवरीनं खाली मान घालून बसायचं असतं, हे आईनं मला आदल्या दिवशी दोनदा बजावलं. कुणी विचारलंच तर "तुम्हाला आवडेल ते" एवढंच म्हणायचं. मी तेव्हा सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका लॅबमध्ये नोकरीला होते, दिवसभर भल्याभल्यांच्या दंडातलं रक्त काढायचे, पण हे वाक्य मला आरशापुढं उभं राहून पाठ करावं लागलं.

आमचं गाव इस्लामपूरजवळ. लग्नाचे कपडे घ्यायला सांगलीला जायचं, तेही दोन्हीकडच्या माणसांनी एकाच दिवशी, एकाच दुकानात, समोरासमोर बसून. हाच बस्ता. नवरीचा शालू मुलाकडचे घेतात. मुलाचा पोशाख आणि त्यांच्याकडच्या बायकांच्या मानाच्या साड्या आमच्याकडं. वरवर कपड्यांची खरेदी, पण त्या गादीवर बसून दोन घरं एकमेकांची ऐपत जोखत असतात. त्यांनी शालू भारी घेतला, की आमच्याकडूनही विहिणीची साडी त्याच तोलाची जावी लागते. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही, म्हणून ते मोडायचं कसं हेही कुणाला ठाऊक नाही.

माझे वडील, आण्णा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि नंतर साखर कारखान्याच्या गेटवर लागलेले. लग्न ठरलं त्याच दिवशी त्यांनी घरात सांगून टाकलं होतं, "कुनाम्होरं हात पसरायचा न्हाई. हाय त्यात करायचं." हाय त्यात म्हणजे बस्त्यासाठी बाजूला काढलेले पैसे. ते कमी पडले तर आईच्या हातातल्या पाटल्या. त्या पाटल्या धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी राखलेल्या होत्या. आईनं त्या दिवशी त्याच घातल्या, कारण मोकळ्या हातानं विहिणीसमोर बसायचं कसं. दुकानात शिरल्यापासून माझी नजर सारखी त्या पाटल्यांवर जात होती.

सांगली मला तोंडपाठ होती. कॉलेजात होते तेव्हापासून मी तिथं थोड्या पैशांत दिवस काढत आले होते. कुठल्या गल्लीत अडून बसलं की ड्रेस निम्म्यावर येतो, कुठल्या गाड्यावरची भेळ जेवणाला पुरते, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. घासाघीस करायची मला लाज नाही. म्हणून युक्तीही मीच काढली. आईला म्हणाले, "पहिला शालू मी साधाच उचलते. नवरीनंच हलक्यातला घेतला तर बाकीच्या कुठल्या तोंडानं भारी मागतील?" आईला ते पटलं. आम्ही दोघी स्वतःवर खूश होतो.

मुलाकडची दहाएक माणसं यायची ठरली होती. दुकानापुढं त्यांची ट्रॅव्हलर थांबली आणि माणसं उतरतच राहिली. आण्णांनी हसून सगळ्यांना रामराम घातला आणि शर्टाच्या आतल्या खिशावर हात ठेवून बाजूला उभे राहिले. बस्त्याला आलेल्या बाईला साडी न देता परत पाठवत नाहीत.

पोऱ्यांनी साड्यांचा ढीग पाडायला सुरुवात केली. मी ठरल्याप्रमाणं डाळिंबी रंगाचा, बारीक काठाचा एक साधा शालू ओढून घेतला आणि म्हणाले, "मला हा आवडला." माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या थोरल्या आत्या, ज्यांना मोठी माणसं आक्का म्हणत, गादीच्या मधोमध बसल्या होत्या. त्यांनी तो शालू दोन बोटांत धरून उचलला.

"ह्यो? आमच्या घरची सून ह्यो नेसून मांडवात हुबी ऱ्हानार?" त्या माझ्या आईकडं बघून म्हणाल्या. "का आमची ऐपत न्हाई, असं वाटलं पोरीला?"

युक्ती आमच्याच गळ्यात आली. माझा साधेपणा त्यांना टोमणा वाटला होता. आई चाचरत काहीतरी बोलली, पण आत्यांनी हात वर केला आणि विक्रेत्याला सांगितलं, "वरच्या मजल्यावरचा माल आना. पैठणी आना. आन् मंग मानाच्या साड्या बी त्याच बघू." आण्णा पुढं आले आणि खड्या आवाजात म्हणाले, "दाखवा, दाखवा. काय बी हात आखडू नका." तो आवाज मी ओळखत होते. आतून हादरले की आण्णा असे परेडवर असल्यासारखं बोलतात. आईनं पदर ओढून पाटल्या झाकल्या. मला भीती वाटली, आणि आमच्या हुशारीचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

वरून माल आला. एक जांभळी पैठणी माझ्या ड्रेसवरूनच गुंडाळून मला खांबाआडच्या आरशापुढं उभं केलं. निऱ्या नीट करायला म्हणून माझ्या होणाऱ्या सासूबाई मागून आल्या. तोवर त्या बाई अवाक्षर बोलल्या नव्हत्या. खाली वाकून, निऱ्या चापत, माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "ऐक. हालू नगं. तुला तो डाळिंबीच आवडलाय न्हवं?"

मी मान हलवली.

"मग तोच माग. अडून बस. आमच्याकडं बी मोजकंच हाय गं. पन आक्कांनी ह्यास्नी लहानाचं मोठं केलंय. त्यांच्याम्होरं ह्यांचं तोंड उघडत न्हाई, माजं तर न्हाईच. नवरीचा हट्ट तेवढा कुनी मोडत न्हाई." त्यांनी एक निरी पुन्हा चापली. "तुज्या वडलांचा हात मगाधरनं खिशावरनं हललेला न्हाई. मी बघतीया. मी तुला रागं भरीन, तू ऐकू नगं. आन् हे तुज्या-माज्यातच."

आरशात मला माझं तोंड दिसत होतं, पांढरंफटक. बाहेर माझे काका, मामा, त्यांच्याकडचे सगळे बसले होते. जन्मभर ज्यांच्यापुढं मी वर मान करून बोलले नव्हते, त्यांच्यासमोर मला आता थयथयाट करायचा होता.

मी पैठणी काढून गादीवर टाकली. ठेवली नाही, टाकली. "मला हा नको. मला तो डाळिंबीच पाहिजे. नाहीतर शालूच नको." माझा आवाज नको तितका चढला होता. तिथंच थांबले असते तर मानाच्या साड्या भारीतल्याच राहिल्या असत्या, म्हणून खालच्या स्वस्तातल्या ढिगाकडं बोट करून जे सुचलं ते बोलले. "आणि मानाच्या साड्या सगळ्या एकाच रंगाच्या घ्यायच्या. ह्या मजल्यावर ह्या मोतिया रंगाच्या आहेत, त्याच. एकसारख्या असल्या की फोटोत चांगल्या दिसतात. आता सगळीकडं असंच करतात."

"आनि विहिणीची?" कुणीतरी विचारलं.

"त्यांचीही तीच."

सासूबाई ठरल्याप्रमाणं बोलल्या, "असं कुठं असतंय व्हय? मोठ्यांचा काय मान हाय का न्हाई?" त्या इतकं खरं बोलल्या की मला वाटलं, आरशापाशी ऐकलं ते मीच मनानं रचलं. मी ऐकलं नाही. तोंड फिरवून बसले. माझा होणारा नवरा मोबाईलमध्ये खुपसलेली मान वर काढून माझ्याकडं बघत राहिला. त्याला पळून जावंसं वाटत असणार.

आत्या उठून उभ्या राहिल्या. "आत्ताच ही तऱ्हा, तर म्होरं काय?" त्यांनी भावाकडं, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांकडं पाहिलं. "बग बाबा, अजून इचार कर."

लग्न मोडतंय की काय असं मला वाटलं. तेवढ्यात आण्णा गादीजवळ आले, चपला काढल्या आणि आत्यांपुढं हात जोडले. फौजेत साहेबाला सॅल्यूट ठोकणारा माझा बाप सगळ्या दुकानासमोर वाकून म्हणाला, "आक्का, पोरीचं मनावर घेऊ नका. लाडात वाढलीया. माजीच चूक हाय. पदरात घ्या." मग सासूबाईंपुढंही तसेच हात जोडले. सासूबाई साडीची घडी उलगडत होत्या, ती उलगडतच राहिल्या.

आत्या पुन्हा खाली बसल्या, आणि नवरीचा हट्ट म्हणून शेवटी डाळिंबी शालू आणि मोतिया साड्यांची गाठोडी बांधली गेली. आण्णांनी पैसे दिले आणि त्यांचा हात दिवसभरात पहिल्यांदा खिशावरून खाली आला.

बस्त्याचं जेवणही मुलीकडचंच असतं. आण्णांनी सगळ्यांना जवळच्या हॉटेलात नेलं आणि अख्खा मसूर आणि रोटी मागवली. इतक्या माणसांना पोटभर आणि खिशाला झेपेल असं दुसरं काही नव्हतं. दुकानात वाचलेल्या पैशांत ते बसलं. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. आण्णा स्वतः उठून सगळ्यांना आग्रह करत होते. हॉटेलात गेलो की कांदा आधी माझ्या ताटात टाकायची त्यांची सवय. त्या दिवशी कांद्याची ताटली घेऊन ते सगळ्यांकडं गेले आणि माझ्या ताटापाशी न थांबता पुढं गेले. समोर सासूबाई खाली मान घालून रोटी मोडत होत्या.

घरी आल्यावर आई पाटल्या काढून कपाटात ठेवत होती. आण्णा दारातून म्हणाले, "तुला मी असं शिकवलं न्हवतं." मी खरं सांगितलं असतं, तर विहिणीला सगळं दिसलं होतं, हेही सांगावं लागलं असतं. तिच्यापुढं आण्णांनी पुन्हा कधी मान वर केली नसती. त्यापेक्षा पोरगी हट्टी निघाली, हे दुःख त्यांना पेलण्यासारखं होतं.

आता माझी मुलगी शाळेत जाते आणि भाऊ पुण्यात नोकरीला आहे. सासूबाईंचं आणि माझं त्या दिवसाबद्दल आजवर एक अक्षर बोलणं झालेलं नाही. पण घरात आत्यासासूबाई मला काही बोलायला लागल्या की त्या हातातलं काम टाकून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहतात.

दिवाळीला आण्णा येतात. जेवणं झाली की नातीला जवळ घेऊन बस्त्याची गोष्ट सांगतात, मी पैठणी कशी फेकली ते हातानं करून दाखवतात. मग सासूबाईंकडं वळून अजूनही हात जोडतात. "तुमी देवमानूस, विहीणबाई. दुसरी कुनी असती तर त्याच दिवशी ट्रॅव्हलर माघारी फिरवली असती. आमच्या पोरीला तुमी सांभाळून घेतलं."

सासूबाई पदर सारखा करतात. मी त्यांच्याकडं बघत नाही.

"व्हय आण्णा," मी म्हणते, "घेतलं खरं."