आधी भांडून घ्या

नोटीस घेऊन माणूस आला की सर ती वाचत आणि टेबलावर पालथी घालत. मग कानावरची पेन्सिल काढून म्हणत, "हं. आधी भांडून घ्या."

इन्कम टॅक्सची नोटीस आली की माणसाचं काय होतं, तुम्हीही पाहिलं असेल. सर टॅक्सचे सल्लागार; सोलापुरातल्या आमच्या छोट्या ऑफिसात असे पांढरेफटक चेहरे नेहमीचेच. लोक खात्याला जे जे सुनावायचे, ते सर पाठकोऱ्या कागदावर शब्दन् शब्द उतरवून घेत. मी तिथं टायपिंगला होते. माझा नुसता जीव जायचा. इकडं मुदत संपत आलेली आणि सरांचं हे चाललेलं.

एकदा एक चादरवाले आले. निम्मं मराठीत, निम्मं तेलुगूत तोंड सुटलेलं. सर म्हणाले, "सावकाश बोला, निसटतंय." आता सावकाश भांडायचं म्हणजे अवघडच की. बघता बघता त्यांचा आवाज खाली आला. सरांनी सगळं गंभीरपणे वाचून दाखवलं, तेव्हा तेच हसायला लागले. मग हळूच म्हणाले, "पोरीच्या लग्नाला एक प्लॉट इकला होता की. ते बी दाखवायचं असतंय व्हय?"

ते गेल्यावर सर मला म्हणाले, "घाबरलेला माणूस अर्धंच सांगतो गं. भांडून झालं की बाकीचं आठवतं." पेन्सिलीचा कागद त्यांनी नेहमीसारखा फाडून टोपलीत टाकला आणि खरं उत्तर सांगायला घेतलं. त्यात एक शब्द जास्तीचा नसे.

सर अचानक गेले. आता जमेल तसं ऑफिस मी चालवते, आणि त्यांची फार आठवण येते.

काही महिन्यांनी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आल्या. हातात सरांच्याच नावाची नोटीस. गेलेल्या माणसाकडं खातं उत्तर मागत होतं. मी सांगितलं, मृत्यूचा दाखला जोडू, तुम्ही वारस म्हणून सही करा, होऊन जाईल. काकूंनी पेन घेतलं आणि तसंच धरून बसल्या. सर गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. आम्हा सगळ्यांना त्याचीच धास्ती होती.

"ही सही केली की मग ते गेलेच ना," त्या म्हणाल्या.

मी नोटीस पालथी घातली, एक पाठकोरा कागद ओढला आणि पेन्सिल घेतली. "काकू, आधी भांडून घ्या."

काकूंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "लिही. छातीत दुखतंय तर दवाखान्यात चला म्हणून मी मागं लागले होते. हे म्हणाले, लोकांच्या मुदती संपू देत. लिहिलंस? डबा रोज निम्मा परत. कुणासाठी करत होते मी?" खात्याचं नावसुद्धा नाही. सगळं भांडण सरांशी.

"सावकाश, काकू, निसटतंय," मी म्हटलं, आणि त्या रडायला लागल्या. मीही.

डोळे पुसून त्यांनी सही केली. मी सवयीनं तो पेन्सिलीचा कागद फाडायला घेतला, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

"असू दे. उरलेलं घरी त्यांच्या फोटोपुढं भांडते."