बिशप आणि आरतीचं ताट

सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्या चार-पाच वडीलधारे मिळून चालवायचे. मग एकटा बिशप सगळ्यांच्या वर कसा गेला, हे मी बडोद्यात कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं. एकत्र भोजनाच्या वेळी भाकर मोडून प्रार्थना म्हणायला कुणीतरी एक लागतो. पुढे भांडणं मिटवायलाही लोक त्याच्याकडेच जातात. मुलं जांभया द्यायची.

यंदा समा भागातल्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या आरतीला कमिटीतल्या पाचजणांचं 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' संपेना. निरांजन विझायला आलं, तेव्हा वैतागून ताट मीच उचललं. दुसऱ्या दिवशी माझ्यावाचून आरती सुरू होईना. विसर्जनानंतर शेजारी दारात हजर : "साहेब, पाण्याची मोटर बगडी गई!"

मला मोटरीतलं ओ की ठो कळत नाही. तरी चपला चढवल्या आणि जिना उतरताना रुबाबात घसा खाकरला.