दर माहीत, देश माहीत नाही

आमच्या सूनबाईला कुठल्याही देशाचं नाव सांगा, तिथे अर्ध्या किलोचं पार्सल पाठवायला किती पडतात ते ती भाजी निवडता निवडता सांगते. पोस्टात परदेशी पार्सलच्या खिडकीवर ती लग्नाआधीपासून आहे. गिऱ्हाईक खोकं पुढे सरकवतं, ती ते काट्यावर ठेवण्याआधी हातात तोलते आणि वजन पुटपुटते. काटा बहुधा तिचं ऐकतो. तिथले लोक तिला पार्सलबाई म्हणतात. तिला त्याचा राग येत नाही, माझ्या बायकोला येतो. "आमच्या घराण्याची सून, आणि पार्सल?" आमचं घराणं म्हणजे शिलाई मशीन दुरुस्तीचं एक दुकान, तेही आता बंद. पण म्हणायला घराणं.

मला लिहायची सवय नाही. चुकलंमाकलं सूनबाई सुधारून देईल असं म्हणणार होतो, पण हे तिला दाखवायचं धाडस अजून झालेलं नाही.

एके दिवशी तिच्या खिडकीवर एक माणूस आला. त्याला भावासाठी चष्मा पाठवायचा होता. कापसात गुंडाळून, साबणाच्या डबीत नीट बसवून आणला होता. त्याच सकाळी पत्रक आलं होतं, त्या देशाची सेवा बंद.

"का बंद?" त्याने विचारलं.

"वरून आदेश आहे."

"ते कळलं हो, ताई. पण का?"

"का ते आम्हाला कळवत नाहीत."

त्याने डबी खिशात ठेवली, मागच्या माणसाला वाट करून दिली आणि गेला. एवढंच झालं. पण संध्याकाळी सूनबाई चपला काढतानाच म्हणाली, "भांडला असता तर बरं झालं असतं, बाबा." मग हातपाय धुऊन आली आणि माझ्यासमोर बसली. "मला सगळ्यांचे दर माहीत आहेत. देश एकही माहीत नाही."

मी पंखा वाढवला.

महिन्याभराने तिने कॉलेजच्या नोकरी करणाऱ्यांसाठीच्या तुकडीत प्रवेश घेतला. विषय, आंतरराष्ट्रीय अभ्यास. बारावीनंतर सुटलेलं शिक्षण ती चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा धरत होती. मनात एक नेमकी जागाही होती. पोस्टाच्या मुख्य कचेरीत विदेश विभाग आहे. सेवा बंद का झाली, सुरू कधी होणार, याची कारणं त्या विभागात येतात आणि खाली खिडक्यांवर नुसतं पत्रक उतरतं. तिथे पदवीधर लागतो आणि वयाची अट पंचेचाळीसची. हिशेब काठावर बसत होता.

पहिल्या सत्राचे विषय निवडायचे होते त्या आठवड्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर सगळं घर कुलगुरू झालं होतं.

"व्यापार घे," मुलगा म्हणाला. तो वीज कचेरीत आहे, व्यापाराशी त्याचा संबंध बिल भरण्यापुरता. "आणि भाषा चिनी. पुढे भाव आहे त्याला."

"तुम्ही चिनी शिका, मी बिलं तपासते," सूनबाई म्हणाली. "मी फ्रेंच घेणार. आमच्या फॉर्मवर प्रत्येक ओळीखाली बारीक अक्षरात फ्रेंच छापलेलं असतं. इतकी वर्षं मी त्याच्यावरच शिक्का मारत आले. काय झाकतेय ते तरी कळू दे."

"आठवड्यातून तीनच दिवस असेल असं काहीतरी घे," हा माझ्या बायकोचा अभ्यासक्रम. "माझे गुडघे बघून निवड."

नात त्याच कॉलेजच्या अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला. तिने एकच अट घातली, "आई, माझ्या वर्गात येऊ नकोस म्हणजे झालं."

"मी कशाला येतेय तुझ्या वर्गात?"

"पायाचे दोन विषय सगळ्या शाखांना एकत्र असतात. सकाळी सातला. माझ्या सगळ्या मैत्रिणी असतात तिथे."

सूनबाई हसली. त्या सातच्या वर्गावरून पुढे घरात वाद होईल असं तेव्हा तिलाही वाटलं नव्हतं.

निवडीच्या दिवशी तिने मला बरोबर नेलं. मुलाला राग आला. ती म्हणाली, "तुम्ही मध्ये बोलता. बाबा बोलत नाहीत." ही माझी स्तुती होती की नाही ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. विषय ठरवायला मदत करणारे प्राध्यापक एकेका टेबलामागे बसले होते. आमच्या वाट्याला एक तरुण सर आले. हसरे, बाह्या वर सरसावलेल्या. सूनबाईचा अर्ज वाचता वाचता ते खुर्चीत पुढे सरकले.

"मॅडम, परदेशी टपालात इतकी वर्षं? सगळे देश, राजधान्या, सीमाशुल्काचे नियम?"

"नियम पाठ आहेत."

"मग तुम्ही पायाचे विषय कशाला करता? जगाची ओळख आणि राज्यं व सीमा, दोन्हींत तुम्हाला अनुभवाची सूट देता येते. तुम्ही त्या मुलांना शिकवाल हो! शिवाय एक वर्ष वाचेल."

एक वर्ष वाचलं की पंचेचाळिशीच्या आत पदवी नक्की होती. सूनबाईचा चेहरा खुलला. इतकी वर्षं काट्यामागे बसलेल्या बाईला कुणीतरी टेबलापलीकडून मान देत होतं. माझीही छाती फुगली. सरांनी सूट लिहिली आणि म्हणाले, "शनिवारपर्यंत काही बदलायचं असेल तर या."

घरी आनंद झाला. "सरकारी माणसाने आयुष्यात पहिल्यांदा काही फुकट दिलंय," बायको म्हणाली, "पदर पसरून घे." नातीला तर आभाळ ठेंगणं झालं. आई वर्गात येणार नव्हती.

शुक्रवारी सुट्टी होती. दुपारी सूनबाईने नातीकडून राज्यं व सीमा या विषयाची गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका मागून घेतली. नुसती बघायला. मी खिडकीजवळ बसून चष्मा पुसत होतो. बराच वेळ स्वयंपाकघरातून काहीच आवाज आला नाही, म्हणून डोकावलो. कुकर थंड, आणि ती ओट्याला टेकून उभी.

"बाबा, हा प्रश्न ऐका. सीमा बदलली तर तिथे राहणाऱ्या माणसाच्या नागरिकत्वाचं काय होतं, उदाहरण देऊन लिहा."

"अवघड आहे का?"

"उदाहरण मला येतं. एक बाई दर महिन्याला बहिणीला लोकर पाठवायची. एकदा आली तर पत्त्यात शहर तेच, घर तेच, देश दुसरा. मी नवा दर लावला. जास्त पडले म्हणून ती कुरकुरली, मी पावती दिली." तिने कागद ओट्यावर ठेवला. "बहिणीचं काय झालं ते मी विचारलं नाही. मला येतं ते एवढंच. याच्यासाठी मला सूट मिळालीय."

रात्रीच्या जेवणाला तिने सांगून टाकलं, सूट नको.

मुलाने घास खाली ठेवला. "अगं, वर्ष वाया जाईल. विदेश विभागाचं दार बंद होईल. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, तेच!"

"दार उघडून आत बसले आणि तिथेही नुसता शिक्काच मारला तर?"

"तिथे गेल्यावर शिकशील."

"खिडकीवर गेल्यावरही शिकेन असंच म्हणाले होते."

"हातची भाकरी कुत्र्याला घालायची सवयच आहे काही लोकांना," माझ्या बायकोने वरणाला उद्देशून सांगितलं.

नात रडवेली झाली होती. "आई, तू पहिल्या बाकावर बसणार. मला माहितेय. आणि प्रश्न विचारणार."

"हो," सूनबाई म्हणाली. "विचारणारच आहे." मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "मला त्यातलं काही कळत नाही गं," मी म्हणालो.

"मलाही नाही कळत, बाबा. म्हणून तर सूट नको."

मी काही सुचवलं नव्हतं. पण त्या दिवसापासून घरात असं बोललं जातं की मी तिच्या बाजूने बोललो. मीही ते खोडून काढलेलं नाही.

शनिवारी आम्ही दोघं पुन्हा त्या टेबलासमोर. सरांना आधी वाटलं, आणखी एखादी सूट मागायला आलो आहोत.

"सूट काढून टाकायची आहे," सूनबाई म्हणाली.

"मॅडम, लोक ही मिळावी म्हणून भांडतात. तुमचा अनुभव—"

"सर, माझा अनुभव वजनाचा आहे. तो तुम्ही लिहिलात त्याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण मला सात वाजताच्या वर्गात बसायचं आहे."

"आणि एकदा काढली की परत मिळत नाही."

"चालेल. आता हे सांगा, हे दोन विषय करूनही वेळेत पदवी कशी होईल?"

सरांनी बाह्या आणखी वर सरकवल्या. मग त्यांनी खणातून नियमांचं पुस्तक काढलं आणि दोघं त्यात डोकं घालून बसले. एका सत्रात जास्तीचा विषय चालत नव्हता. दोन सत्रांमधल्या सुट्टीत वर्ग नव्हते. शेवटी उन्हाळी सत्र सापडलं. मे महिन्यात, दिवसभर, ज्यांचे विषय राहिलेत त्यांच्यासाठी. दोन उन्हाळे ते केलं तर गेलेलं वर्ष भरून निघत होतं. अट एकच, मधे कुठेही नापास होऊन चालणार नाही.

"दिवसभर म्हणजे सगळी रजा जाईल तुमची," सर म्हणाले.

हे मात्र तिला लागलं. तिची रजा म्हणजे माहेर. वर्षभर साठवून ती मे महिन्यात आईकडे जाते. विहीणबाई लांब राहतात, एकट्या आहेत, आणि वर्षभर त्या मे महिन्यावर जगतात. सूनबाईने पेन खाली ठेवलं आणि हॉलबाहेर जाऊन आईला फोन लावला. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतो. विहीणबाईंना ऐकू कमी येतं, म्हणून त्या फोनवर ओरडून बोलतात. त्यामुळे सगळं मलाही ऐकू आलं, आणि पहिल्या मजल्यालाही.

"दोन उन्हाळे?"

"हो, आई."

विहीणबाई मोठ्यांदा खाकरल्या. मग, "आली नाहीस तर चालेल. नापास होऊन आलीस तर दार उघडणार नाही."

सूनबाईने डोळे पुसले, नाक शिंकरलं, आत गेली आणि सही केली. सरांनी स्वतःच्या हाताने सूट लिहिलेल्या रकान्यावर काट मारली. फ्रेंच, पायाचे दोन विषय, आणि तहांचा इतिहास. व्यापार तिने पुढच्या वर्षावर टाकला, नवऱ्याच्या समाधानासाठी.

वर्ग सुरू झाला. ती पहिल्या बाकावर बसते. नात सुरुवातीला चौथ्या बाकावर मान खाली घालून बसायची. आता तिच्याच मैत्रिणी आमच्याकडे येऊन सूनबाईच्या वह्या मागतात, आणि नात म्हणते, "आधी मला, आई कुणाची आहे?" बायकोचे गुडघे दुखतातच. सकाळचा चहा मी करायला शिकलो. तो कसा होतो याबद्दल घरात एकमत आहे, आणि ते माझ्या बाजूचं नाही.

गेल्या आठवड्यात मी बचतीचं व्याज काढायला पोस्टात गेलो होतो. माझी रांग तिच्या खिडकीला लागूनच असते. दुपारची वेळ, तिच्याकडे फारसं कुणी नव्हतं. एक माणूस आला, खिशातून साबणाची डबी काढली आणि विचारलं, "सुरू झाली का हो सेवा?"

मी डबीवरून ओळखलं.

"नाही," सूनबाई म्हणाली. "बंदच आहे." तो डबी परत ठेवायला लागला. "थांबा. का बंद आहे ते तुम्ही विचारलं होतं."

"तुम्हाला नाही ना कळवत?"

"नाही कळवत. पण थोडं शिकलेय." तिने काट्यावरचं खोकं बाजूला केलं, कोपरं टेकवली आणि सांगायला लागली. तो देश कुणापासून वेगळा झाला, दोघांमधला तह कसा अर्धवट राहिला, कोणत्या बंदरावरून दोघांचं जुळत नाही. ती अडखळत होती. एकदा म्हणाली, "हे मला नक्की माहीत नाही," आणि तिथून पुढे गेली. माणूस डबी हातात धरून ऐकत होता. मधे त्याने एक प्रश्न विचारला, तो मला ऐकू आला नाही. सूनबाईने मात्र दोनदा ऐकून घेतला.

"याचं उत्तर मला येत नाही," ती म्हणाली. "ते उन्हाळी सत्रात आहे. जूनमध्ये या."

"मी जूनमध्ये येतो," तो म्हणाला. या वेळी जाताना त्याने तिला नमस्कार केला.

माझा नंबर कधीच येऊन गेला होता. मागचा माणूस म्हणाला, "आजोबा, पुढे व्हा की!" मी पुढे झालो.