ओळखू येणारा चेहरा

तलवाड्यातून निघालो त्या दुपारी आई राखेनं माझी बोटं घासत होती. नखांतला कोळसा निघत नव्हता, आणि निजामाच्या पोलिसांचे अंमलदार अमीनसाहेब, त्यांचे शिपाई घरोघर हात तपासत आमच्याच गल्लीत शिरले होते.

आदल्या दिवशी साहेबांचा मुक्काम गावात आला, तेव्हा वेठीला धरलेल्या माझ्या बापाच्या डोक्यावर त्यांचा पलंग होता. मी तेच चावडीच्या भिंतीवर काढलं. मेंढरांमागं फिरताना खडकांवर रेघोट्या ओढून हात बसलेला. बापाचा चेहरा हुबेहूब उतरला. चूक झाली ती तिथंच. सकाळीच त्याला चावडीवर नेलं.

“मी जाऊन सांगतो,” मी म्हणालो. आईनं मनगट सोडलं नाही. “तुज्या बानंच निरोप धाडलाय, पोराला लावून दे म्हून. इंग्रजी हद्द गाठ.”

ज्वारीच्या उभ्या पिकातून लपत तिसऱ्या दिवशी नगरला पोचलो. एका नाटक कंपनीत पडदे रंगवू लागलो. राजवाडे, कारंजी, बागा. कंपनीबरोबर पुणं झालं, मुंबई झाली. ब्रश, कॅनव्हास हे शब्द तोंडी बसले. घरी चिठ्ठी मात्र धाडली नाही. ती आधी कोण वाचेल, ही धास्ती.

चौथ्या वर्षी नगरच्या बाजारात मामा भेटला, तेव्हा कळलं. बाप म्हणाला होता, “म्या काढलं, सायेब.” साहेबांनी त्याच्या हाती कोळसा दिला. “तूने बनाया? फिर बना।” बापानं अख्ख्या गावासमोर मेंढरू काढलं. चारही पाय एकाच बाजूला.

“कुणी हसलं न्हाई बग,” मामा म्हणाला. बापाला आठ दिवस कोठडीत ठेवलं होतं.

तेव्हापासून मी फावल्या वेळात गावच काढू लागलो. खुरपणाऱ्या बाया, धनगर, बाजारकरी. पण सगळे पाठमोरे. मुंबईच्या प्रदर्शनात जाणकार त्याला शैली म्हणाले. ती भीती होती.

साहेबांची बदली झाल्यावर एकदा गावी गेलो. बापानं माझी चित्रं उलटसुलट करून पाहिली. “समदी पाठमोरी कावून? माझं तोंड काढ.”

समोर चावडी होती, ओट्यावर शिपाई बसलेला. मी दार लावायला उठलो.

“ऱ्हाऊ दे उगडं,” बाप म्हणाला.

मी कोळसा घेऊन त्याच्यासमोर बसलो. लोक विचारतात, घर कुठलं? मुंबईत बिऱ्हाड आहे, तलवाड्यात भाऊबंद आहेत. पण घर म्हटलं की मला दिसतो तो उघड्या दारात, हलायचं नाही म्हणून श्वास रोखून बसलेला बाप.